आपली वस्त्रे काय बोलतात?

शास्त्रपाठ : १ पेत्र ३ : ३-४, याकोब २ : १-४



प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्रात विश्वासी स्त्रियांस सांगतो की, तुमची शोभा केसांच्या गुंफणीत, सोन्याच्या दागिन्यांत किंवा भारी वस्त्रांत नसावी. ती अंतःकरणात असावी, कारण सौम्य व शांत मनाची किंमत देवाच्या दृष्टीने मोठी आहे. हे वचन आपण पुष्कळ वेळा ऐकिले आहे. परंतु त्याचा अर्थ करिताना दोन प्रकारची चूक होते. कोणी म्हणतात, धर्माचा संबंध आत्म्याशी आहे, तेव्हा अंगावर काय घातले ह्याची देवाला पर्वा नाही. दुसरे कोणी म्हणतात, चांगले वस्त्र नेसणे हाच गर्व होय, आणि जो मळकट राहतो तो नम्र होय. ह्या दोन्ही समजुतींस शास्त्रात आधार नाही.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात ज्या सद्गुणी गृहिणीचे वर्णन आहे, ती आपल्या घरच्या सर्व माणसांस थंडीसाठी पुरेशी वस्त्रे करिते, आणि स्वतः तलम तागाचे व जांभळे वस्त्र नेसते. हन्ना दर वर्षी आपल्या बाळ शमुवेलासाठी लहानसा झगा करून मंदिरात नेत असे. त्या झग्याच्या प्रत्येक टाक्यात तिची माया होती. उधळ्या मुलगा परत आला, तेव्हा बापाने मेजवानीची आज्ञा देण्यापूर्वी उत्तम झगा आणावयास सांगितले. कारण शब्दांनी क्षमा केली तरी अंगावरच्या चिंध्या त्याला चाकरच ठरवीत राहिल्या असत्या. आणि आपल्या प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता. वधस्तंभाजवळच्या शिपायांनाही तो फाडवला नाही, म्हणून त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकिल्या. तात्पर्य, वस्त्र मुके नाही. मनुष्य तोंड उघडण्याआधी त्याची वस्त्रे बोलू लागतात. ती खरे बोलतात की खोटे, प्रीतीचे बोलतात की तिरस्काराचे, एवढाच प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. आपले शहर, ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात व ज्याला आपले वाडवडील औरंगाबाद म्हणत आले, ते शेकडो वर्षे विणकरांचे शहर होते. येथील मशरू व हिमरू आणि गोदाकाठच्या पैठणची पैठणी, ही तीन वस्त्रे देशभर नावाजली. ह्या तिन्हींपासून आज आपण एकेक धडा घेऊ या.

पहिले, मशरू. ह्या नावाचा अर्थच धर्माने मान्य केलेले, असा आहे. रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये, असा मुसलमान बांधवांत धर्मनियम समजला जाई. परंतु रेशमाची शोभा तर हवी. तेव्हा विणकराने युक्ती केली : उभा ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा घेऊन त्याने असे कापड विणले की, वरून ते रेशमासारखे झळकावे, पण अंगाला सूतच लागावे. कोणी ह्यास पळवाट म्हणेल. मला त्यात दुसरे काही दिसते. त्या विणकराने कापड मागावर चढविण्यापूर्वी आपल्या विवेकाला विचारिले, आणि विवेकाला न दुखविता सौंदर्य कसे राखावे ह्याचा शोध केला.

आपण कापडाच्या दुकानात पाय ठेवितो, तेव्हा विवेकाला विचारितो काय? रंग खुलतो की नाही, शेजारणीने काय घेतले, लग्नात लोक काय म्हणतील, एवढे आपण विचारितो. परंतु हे वस्त्र फेडलेल्या पैशाचे आहे की उधारीचे, हे विचारीत नाही. पौल रोमकरांस सांगतो की, प्रीतीच्या ऋणावाचून कोणाच्या ऋणात राहू नका. आमच्या खेड्यांत एका लग्नाच्या कापडासाठी केलेले कर्ज तीन तीन सुगी फिटत नाही. नवरीच्या अंगावरचा शालू एक दिवस मिरवतो, आणि तिचा बाप पुढे कित्येक महिने दुसऱ्याच्या बांधावर राबतो. बंधूंनो, असा शालू खोटे बोलतो. ह्या घरी भरभराट आहे, असे तो सांगतो, आणि घरात तर बियाण्याला पैसा नसतो. जो बाप मंडळीसमक्ष आपल्या ऐपतीचे स्वच्छ सुती लुगडे मुलीला नेसवितो, त्याने तिचा अपमान केला असे समजू नका. त्याने तिला ऋणमुक्त घरातून सासरी पाठविले, हा मोठा आहेर होय.

दुसरे, हिमरू. परंपरा अशी सांगते की, महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ही कला येथे आणिली. राजेरजवाड्यांचा किनखाप सोन्यारुप्याच्या तारांचा असे. तो सामान्याला कोठून परवडणार? म्हणून सूत व रेशीम एकत्र विणून किनखापासारखे वेलबुट्टीचे कापड काढिले गेले. हिमरू हा शब्दही, सारखा दिसणारा, अशा अर्थाच्या फारसी शब्दापासून आला, असे मानितात. पण पाहा, जे नकलेतून निघाले ते पुढे नकल राहिले नाही. त्याला स्वतःचे नाव मिळाले, स्वतःचा मऊपणा आला, आणि हिमरूची शाल ही ह्या शहराची ओळख झाली. आज हातमागावर खरा हिमरू विणणारी घरे फारच थोडी उरली आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.

ह्यावरून आपण हे शिकावे की, दुसऱ्याची नकल करण्यात आपले हित नाही. जे आपले आहे व आपल्या ऐपतीत आहे, त्यालाच सुंदर करावे. आपल्याच भागातले उदाहरण पाहा. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले, आणि पुढे जालना येथे राहून त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांत सेवा केली व जवळच बेथेल नावाचे गाव वसविले. १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तेव्हा तेथे ते आपले पागोटे घालूनच उभे राहिले. तसेच पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, तरी त्यांनी मडमेचा पोशाख घेतला नाही. त्या केडगावी अखेरपर्यंत पांढऱ्या साडीतच वावरल्या. ख्रिस्ताकडे येण्यासाठी आपल्या आईचे वस्त्र टाकावे लागत नाही, हे ह्या दोघांच्या पोशाखाने न बोलता सांगितले.

परंतु येथे एक गोष्ट मोठ्या काळजीने बोलली पाहिजे. साधेपणाचा उपदेश सर्वांस एकाच मापाने करिता येत नाही. पेत्राचा इशारा ज्यांच्या अंगावर सोने आहे त्यांना आहे. ज्यांना धड नेसू दिले नाही, त्यांच्यासाठी तो नाही. आपल्या देशात कोणी काय नेसावे व कसे नेसावे, हे पुष्कळ काळ जातीने ठरविले. दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याची मोकळीक नव्हती. ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रिया अंगात कुडते घालू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, त्यांची वस्त्रे भर बाजारात फाडिली गेली. शेवटी १८५९ साली राजाज्ञा निघून त्यांस अंग झाकण्याची परवानगी मिळाली. तरी उच्च मानलेल्या स्त्रियांसारखे नेसू नये, ही अट तेव्हाही राहिलीच.

आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. जातीची खूण पटावी अशा रीतीने लुगडे नेसू नका, गळ्यांतहातांत जाडजूड दागिन्यांचे ओझे वागवू नका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आणि त्या बायांनी तेथेच नेसण्याची रीत बदलली. ह्याच बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या औरंगाबादेत महाविद्यालय काढिले. त्यांचा कोट व टाय आज गावोगावच्या पुतळ्यांवर आपण पाहतो. त्या कोटास कोणी विलायती नकल म्हणू नये. ज्या समाजाला मेलेल्याच्या अंगावरचे कापड वापरावयास लावीत, त्यातल्या एका पुरुषाने नेटका पोशाख करून जगापुढे ताठ उभे राहावे, ह्यात एक मोठी साक्ष आहे. ती अशी की, देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे निर्माण केले, आणि ते प्रतिरूप कोणाच्या हुकुमाने मळत नाही.

म्हणून ज्याची आजी चिंध्यांत मेली, तो तरुण आज कडक इस्त्रीचा सदरा घालून उपासनेस आला, तर वडील मंडळींनी त्याला गर्विष्ठ म्हणण्याची घाई करू नये. शेषाद्रींचे पागोटे व बाबासाहेबांचा कोट ही दिसावयास निरनिराळी वस्त्रे आहेत. पण दोन्ही जाणूनबुजून निवडलेली, आणि दोन्ही खरे बोलणारी आहेत.

तिसरे, पैठणी. अस्सल पैठणीची परीक्षा कशी करितात हे आपणांपैकी पुष्कळ भगिनींस ठाऊक आहे. पदर उलटा करून पाहतात. विणकर पदरावरचा मोर किंवा वेल निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्यांनी, एकेक धागा शेजारच्या धाग्यात गुंतवून विणतो. घाई चालत नाही, एका पैठणीला महिने लागतात. म्हणून तिचा पदर सुलट जसा, तसाच उलट दिसतो. यंत्रावरची नकल मात्र उलटताच ओळखू येते, कारण तिच्या मागे तुटक धाग्यांची गर्दी असते.

प्रियहो, पेत्राला जे सांगावयाचे आहे ते येथे आहे. त्याने शोभा टाका असे म्हटले नाही, शोभा आतपर्यंत न्या असे म्हटले. रविवारी उपासनेत जो मनुष्य शुभ्र वस्त्रांत बसतो, तोच सोमवारी घरात बायकोवर ओरडत असेल, मजुराची मजुरी कापीत असेल, तर त्याचा पदर उलटून पाहावा. मागे सगळे धागे लोंबत आहेत.

आणि हीच परीक्षा सबंध मंडळीचीही आहे. याकोब लिहितो की, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी व भपकेदार वस्त्र घातलेला मनुष्य आला असता त्याला चांगली जागा द्याल, आणि मळक्या वस्त्रांतल्या गरिबाला पायांजवळ बसवाल, तर तुम्ही दुष्ट मनाचे न्यायाधीश ठराल. आम्ही गरिबाला पायांजवळ बसवीत नाही, असे आपण म्हणू. खरे आहे, कारण तो येतच नाही. नाताळाच्या सकाळी मंदिर नव्या लुगड्यांनी फुलून जाते. त्या सकाळी गावातली कोण बाई आली नाही, हे कोणी मोजिले आहे काय? विचारले तर ती म्हणते, अंगात कसर आहे. ताप नसतो, बंधूंनो. तिच्याजवळ नवे पातळ नसते. वर्षभर शेणगोठा करिताना नेसलेले तेच एक लुगडे घालून शेजारणींच्या रांगेत बसण्याची तिला लाज वाटते. ज्या प्रभूला जन्मताच बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेविले, त्याच्याच जन्मदिवशी एक भगिनी कपड्यापायी त्याच्या घराबाहेर राहते. ही लाज तिची नव्हे, आपली आहे.

ह्यावर उपाय कठीण नाही. यापो गावच्या दुर्कशीकडे पाहा. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्रापुढे उभ्या राहिल्या आणि तिने करून दिलेले अंगरखे व झगे त्याला दाखवू लागल्या. तिने स्वतः काय नेसले होते, हे शास्त्राने नोंदिले नाही. तिने दुसऱ्यांस काय नेसविले, हे मात्र नोंदिले. आपल्या मंडळीतल्या दुर्कशींनी सणाच्या आधी दोन आठवडे गावात फिरावे, कोणाला उणे आहे हे ओळखावे, आणि डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने पोहोचवावे. मंडळीसमक्ष नाव पुकारून देऊ नये, कारण पुकारून दिलेले वस्त्र अंग झाकते पण लाज उघडी पाडते. पाळक व वडील ह्यांच्या घरच्या बायांनी एखाद्या नाताळाला जुनेच, धुतलेले लुगडे नेसून पुढच्या रांगेत बसावे. त्या एका कृतीने कितीएक भगिनींचा मार्ग मोकळा होईल. आणि मंदिराच्या दारात नवे कोठून घेतले, केवढ्याला पडले, हा प्रश्न कोणी कोणाला करू नये. तुम्ही आलात, आनंद झाला, एवढे म्हणणे पुरे.

तरुण भगिनींनो व बंधूंनो, देवाने प्रत्येकाला निराळा चेहरा दिला, निराळी आवड दिली. रानातल्या फुलांना त्याने एकाच रंगाने रंगविले नाही. तुम्हाला शोभेल असे वस्त्र निवडा, नीट धुवा, नेटके नेसा. त्यात पाप नाही. फक्त निवडण्यापूर्वी तीन प्रश्न करा : हे ऋणावाचून आहे काय? हे माझे आहे, की कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या ईर्ष्येने घेतलेले? आणि ते पाहून माझ्या गरीब भावाला माझ्याजवळ बसावेसे वाटेल काय? ह्या तिन्ही प्रश्नांस होकार देणारे वस्त्र सुताचे असो वा रेशमाचे, ते ख्रिस्ती मनुष्याला साजेल. आणि पौलाने कलस्सैकरांस ज्या करुणेचे, ममतेचे व नम्रतेचे वस्त्र परिधान करावयास सांगितले, ते तर प्रत्येकाच्या मापाचे आहे. त्याला ना पैसा लागतो, ना उधारी.

प्रार्थना : हे प्रभो, एदेन बागेत लाजलेल्या आमच्या आद्य मातापितरांस तू स्वतः वस्त्रे करून घातलीस. आमचीही लाज तू झाक, आणि दुसऱ्याची लाज झाकणारे हात आम्हांस दे. आमचे बाहेर व आत एकच कर. जो कोणी वस्त्रापायी तुझ्या घराबाहेर उभा आहे, त्याला बोलावून आणावयास आम्हांला पाठीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.