दक्षिणद्वारी वाहणारी कृष्णामाई

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावर वसलेले लहानसे गाव. भाविक त्यास प्रेमाने नरसोबाची वाडी अथवा नुसतेच 'वाडी' म्हणतात. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई येथे येते आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती यांचे जल घेऊन आलेली पंचगंगा तिला मिळते. तीर्थ म्हणजे तारून नेणारे स्थान. तेव्हा केवळ देवालय म्हणजे क्षेत्र नव्हे. नदी, घाट, औदुंबर आणि काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे मिळून क्षेत्र होते, हे यात्रेकरूने प्रथम ध्यानी घ्यावे.

दत्तावतार श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज मूळचे विदर्भातील कारंजा येथील. औदुंबर क्षेत्री चातुर्मास करून ते या संगमावर आले व येथे बारा वर्षे राहिले. पुढे गाणगापुरास प्रस्थान ठेवताना त्यांनी भक्तांसाठी आपल्या मनोहर पादुका मागे ठेवल्या. म्हणूनच येथील गाभाऱ्यात मूर्ती नसून पादुकांचे पूजन होते. मंदिरास उंच शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या कन्येस श्रीकृपेने दृष्टी लाभली व त्याने ही वास्तू उभारली, अशी परंपरागत कथा आहे. पंथाची व जातीची सीमा श्रीगुरूंच्या कृपेस नाही, हेच त्या कथेचे सार होय.

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागते, एकेक पायरी बुडते आणि अखेर ते मंदिरात प्रवेश करते. पादुकांना स्नान घालून हे जल दक्षिणेकडील द्वारातून बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या जलात स्नान करण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक व गोव्यातून भाविक धाव घेतात. इतरत्र भक्त देवास स्नान घालतो. येथे नदी स्वतः चालत येऊन श्रीचरणांची सेवा करते.

परंतु जे पाणी श्रीचरणांवरून वाहते, तेच पुढे गावात शिरते. सह्याद्रीत अतिवृष्टी झाली व धरणांतून विसर्ग वाढला की दोन्ही नद्या एकदमच फुगतात. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेस पुढे वाट मिळत नाही आणि पाणी शिवारात पसरते. सन २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत या परिसराने अपार हानी सोसली. घरे, दुकाने, गोठे, उभा ऊस, सारे पाण्याखाली गेले. मग सोहळा तो कोणता आणि संकट ते कोणते? हा प्रश्न श्रद्धावंताने टाळू नये.

याचे उत्तर श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात सापडते. या परिसरातील अमरापूर ग्रामी एक दरिद्री ब्राह्मण राहत असे. भिक्षा न मिळाली तर अंगणातील घेवड्याच्या शेंगांवर त्या कुटुंबाचा निर्वाह चाले. श्रीगुरू त्या घरी भिक्षेस गेले, तीच भाजी त्यांनी ग्रहण केली आणि परतताना तो वेल मुळासकट उपटून टाकला. गृहिणीने आक्रोश केला. पतीने मात्र श्रद्धा सोडली नाही. वेलाचे उरलेले मूळ खणताना त्यास द्रव्याने भरलेला कुंभ सापडला.

या कथेचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्याचे घर वाहून गेले त्यास 'ही देवाची कृपाच' असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही. त्या माउलीचा शोक खराच होता. कथा सांगते ती निराळी गोष्ट: ज्याने त्या घरचे अन्न घेतले, त्यानेच त्या घरची चिंता वाहिली. वाडीस येणारा यात्रेकरूही येथील गावकऱ्यांच्या ओसरीवर विसावतो, त्यांच्या हातचा पेढा व बासुंदी घेतो, त्यांच्या नावेतून संगम पाहतो. तेव्हा पूर ओसरल्यावर त्या घरातील चिखल काढण्यास हातभार लावणे हाही दक्षिणद्वार सोहळाच होय.

दर्शनानंतर परिसरही अवश्य पाहावा. नजीकच्या कुरुंदवाडच्या घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली याच गावी झाला. पुढे कृष्णाकाठी खिद्रापूर येथे शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आहे. अठ्ठेचाळीस खांबांच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार खुले असून त्यातून थेट आकाशदर्शन घडते. सतीच्या वियोगाने कोपलेल्या शिवास श्रीविष्णूंनी शांत केले, अशी तेथील कथा. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर व धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत आणि समोर नंदी नाही. यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तेथे आहे. राजे गेले, राज्ये गेली. देवकार्यास दिलेल्या दानाची अक्षरे मात्र दगडावर राहिली.

स्नानास उतरताना साबण वापरू नये; निर्माल्य, जुनी वस्त्रे व प्लास्टिक पिशव्या प्रवाहात सोडू नयेत. जी नदी श्रीचरण प्रक्षाळते तिला मलिन करणे हा पूजेचाच भंग आहे. पूर असताना पाण्याचा वेग पाहून, सूचना पाळूनच स्नान करावे. दानशूर भाविकांनी देवापुढे द्रव्य ठेवताना नदीकाठच्या एखाद्या घराचेही स्मरण ठेवावे.

श्रीगुरू येथून गेले, पादुका राहिल्या. पादुका म्हणजे चालण्याची खूण. दर्शन घेऊन परतणाऱ्या प्रत्येकाची पावले दुसऱ्याच्या दाराकडे वळोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥