अनोळखी उजेडाला नाव देण्याआधी

2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या रात्री पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र, कुणी उडती तबकडी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. आसपासच्या गावांत धातूचे गोल मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. 2021 मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. कडे हाती लागले म्हणून वाद मिटला. तेच समुद्रात बुडाले असते, तर आपण काय मानले असते आणि कशाच्या आधारावर?

याचे उत्तर शोधायला न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतली भ्रमाची चिकित्सा उपयोगी पडते. दोरीला साप समजतो तेव्हा दोरी समोर असते, साप आठवणीतला असतो. रात्रीच्या आकाशातही तेच होते. 2024 च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, बारामतीकडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा लोकांना चोर टेहळणी करताहेत असे वाटले आणि गस्ती सुरू झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीवर तसेच दिवे दिसले आणि अनेकांना परग्रहवासी आठवले. तिथल्या तपासयंत्रणेकडे 5000 हून अधिक सूचना आल्या, पुढे तपासण्याजोग्या निघाल्या जेमतेम 100. बाकी बहुतेक परवानगीचे ड्रोन, विमाने, हेलिकॉप्टर, चक्क तारेसुद्धा. दिवा दोन्हीकडे सारखाच होता. चोर आणि परग्रहवासी पाहणाऱ्यांनी आपापल्या मनातून आणले. म्हणून 'मी डोळ्यांनी पाहिले' ही साक्ष उजेडापुरती खरी धरावी, नावापुरती नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळ्याच घटनांचा उलगडा कुठे होतो? होत नाही, हे खरेच. अमेरिकी संरक्षण खात्याच्या, म्हणजे पेंटागॉनच्या, 2024 च्या अहवालात अशा अनोळखी दृश्यांच्या 757 नोंदी होत्या आणि त्यांतल्या 21 अधिक तपासासाठी राखून ठेवाव्या लागल्या. पण उलगडा न होणे ही आपल्या माहितीची उणीव आहे. तिच्यातून परग्रहावरचे यान सिद्ध होत नाही, चोरही सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: एवढ्या अफाट विश्वात आपणच एकटे, असे मानणे हा अहंकार नव्हे का? आपण एकटे नसण्याची शक्यता खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मनापासून मानली. म्हणूनच 2001 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा करून बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांसाठी तपासली गेली. शक्यतेवर श्रद्धा असणाऱ्यानेच पुराव्याची अट अधिक कडक ठेवली.

ही नुसती तर्काची हौस नाही. रायबरेली जिल्ह्यात ऑक्टोबर 2025 मध्ये 'ड्रोनचोर', म्हणजे ड्रोनने टेहळणी करणारा चोर, समजून जमावाने एका माणसाचा जीव घेतला. उद्या कन्हान नदीकाठच्या खापा गावावर एखादा दिवा थबकलेला दिसला, तर वेळ, दिशा आणि आवाज लिहून ठेवा, पोलिसांना कळवा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाला हात लावू नका.