धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद 22:8



नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा. नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. येथे देव पडणाऱ्याला केवळ सावध करीत नाही, तर घरमालकाला जबाबदार धरतो. शेजाऱ्यावरील प्रीती विटांनीही बांधावी लागते.

आज आपल्या मुलांपुढे ई-सिगारेट हे असेच एक उघडे धाबे आहे. ती दिसते पेनसारखी. आतली बॅटरी द्रव तापविते आणि त्याची वाफ ओढली जाते. त्या द्रवात बहुधा निकोटिन असते आणि वर आंब्याचा किंवा पुदिन्याचा स्वाद. धूर नाही, सिगारेटचा वास नाही. म्हणून आईबापांना पत्ता लागत नाही. कोवळ्या वयात मेंदूची वाढ अपुरी असते आणि व्यसन लवकर जडते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरमंडळाने 2019 साली ठरविले की, सरकारी अन्न व औषध खात्याने तपासून परवानगी दिलेली नाही अशी ई-सिगारेट शहरात विकू नये. जूल ही मोठी कंपनी त्याच शहरात होती. तिने पैसा ओतून हा प्रश्न मतदारांपुढे नेला व पुढे प्रचारातून अंग काढून घेतले. नोव्हेंबरात मतदारांनी मोठ्या बहुमताने नगरमंडळाचा नियम राखला. पैशापेक्षा लेकरे मोलाची ठरली.

आपल्याकडे कर्नाटकाने 2016 सालीच बंदी घातली. बेळगावकडील आपल्या मंडळ्यांना हा कठडा आधी लाभला. 2019 साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. विक्री, आयात, जाहिरात, साठा, सर्व बंद. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

कोणी म्हणेल, सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढाला हिचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये डॉक्टर तसा सल्ला देतात, हे खरे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला सोडण्यासाठी सिगारेटच नसते. तो येथूनच आरंभ करतो. स्वातंत्र्याच्या नावाने त्याच्या गळ्यात दास्याचे जू घालणे योग्य आहे काय?

कठडा बांधला तरी विटा निखळतात. बंदी असूनही चोरून विक्री चालते. मग आपण काय करावे? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. जे मूल अडकले असेल त्याला चारचौघांत लाजवू नये. त्याचा हात धरून डॉक्टरांकडे न्यावे. शाळेजवळ विक्री होत असेल तर मंडळीने नगरपालिकेकडे व पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा. आणि विकणारा आपल्याच मंडळीतला असेल तर? तेव्हा गप्प बसण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याचे दानही पेटीत पडते. प्रथम त्याला एकान्तात गाठून प्रीतीने समजवावे, असे प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिकविले. त्याच अध्यायात लहानांतील एकाला अडखळविणाऱ्याविषयी जात्याच्या तळीचा कठोर इशारा आहे, हे आपण विसरू नये.

आपल्या धाब्यावर लेकरे खेळत आहेत. त्यांच्या रक्ताचा दोष आपल्या घरावर न येवो, यासाठी प्रभू आपणांस डोळे व धैर्य देवो. आमेन.