देवाला ‘की’ कळत नाही

आमच्या देवळाचा गुरव माझा विद्यार्थी. आठवीत संस्कृतात दोनदा नापास झाला आणि मग बापाबरोबर गाभाऱ्यात उभा राहायला लागला. गेल्या वर्षी माघात त्याच्यापुढे नारळ ठेवून मी म्हटलं, “जुनी डिझेल पिकअप घ्यावी की नवी पेट्रोलची छोटी गाडी, एवढं रवळनाथाला विचार.” त्यानं नारळाला हात लावला नाही. म्हणाला, “बाई, देवाक ‘की’ कळणा नाय. एकच काय ता ठरवून येवा. घेवची काय नको, इतक्याच तो सांगतलो.”

पस्तीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई गृहपाठ अपुरा म्हणून नारळासकट घरी परत आली.

आमची कलमं देवगड तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाहीत. हे गेल्यापासून बाग मी आणि पुतण्या मिळून बघतो. म्हणजे तो बघतो आणि मी वहीत लिहिते. आंब्याची खरी धावपळ पन्नास दिवसांची. त्या पन्नास दिवसांत भाड्याची गाडी वेळेवर मिळणं हे पाऊस वेळेवर येण्याइतकंच आपल्या हातात. वाशीला माल जातो तो मोठ्या ट्रकातून, दलालाच्या व्यवस्थेनं. पण कोल्हापूरचं गिऱ्हाईक आम्ही स्वतः जोडलेलं, आणि तिथे फोंडा घाट चढून दीडशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. पाच डझनांची एक पेटी, लाकूड धरून, अठरा-एकोणीस किलो भरते. छोट्या पेट्रोल गाडीत साडेसातशे किलो, म्हणजे चाळीस पेट्या. पिकअपमध्ये दीड टन, म्हणजे ऐंशी. ऐन हंगामात आमच्या खळ्यात रोज सत्तर-ऐंशी पेट्या तयार होतात. इतका हिशेब पुतण्यानं माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

दोन्ही गाड्या पाच लाखांच्या आतबाहेर पडत होत्या. तेवढ्याच पैशात एक मोठी पण दुसऱ्यानं वापरलेली, एक कोरी पण लहान.

जुन्या गाड्या बघायला मीही जात असे. पहिली बघितली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मालक म्हणाला, रात्रीपासून उभीच आहे. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. थंड इंजिनाला सेल मारताना डिझेल गाडी आपलं वय लपवू शकत नाही, म्हणून त्यानं आधीच तापवून ठेवली होती. आम्ही चहा न घेता परतलो. दुसरी मात्र खरोखर चांगली निघाली. 2018 ची, एकाच मालकाची, हौद्याचा पत्रा सरळ, पाटे बदललेले, बँकेचा बोजा उतरवलेला, सर्व्हिसच्या पावत्या रबरबँड लावून ठेवलेल्या. नको म्हणायला तिनं एक कारण ठेवलं नव्हतं. ती वाईट असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

डिझेल घाटात का ओढतं, हे पुतण्यानं मला काड्यापेटी हातात घेऊन समजावलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा सोळाव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतात, ती तापते आणि वरून सोडलेलं तेल आपसूक पेटतं. शिवाय डिझेलच्या लिटरमध्ये उष्णताही दहा-बारा टक्के जास्त. गाडी कमी फेऱ्यांवर जोर धरते, वळणावर दम तोडत नाही, आणि तेल लिटरमागे बारा-तेरा रुपये स्वस्त. मी म्हटलं, मग उरलेले तीनशे दिवस ही ऐंशी पेट्यांची गाडी काय नेणार? चार पोती भात आणि नारळ? शिवाय आठ वर्षं उलटली की दर वर्षी पासिंग. तो गप्प बसला. मग म्हणाला, “काकी, तुझ्या मनात विकल्प इलो.”

आपल्या भाषेत हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. विकल्प म्हणजे पर्याय. पण कुणाच्या मनात विकल्प आला म्हणजे तिथे संशय शिरला, काहीतरी किडलं. दोन वाटा दिसणं आणि मन नासणं या दोन्हींना एकच नाव ज्यांनी दिलं, त्यांना दुकानातल्या भरगच्च मांडण्या बघून आनंद झाला नसता.

वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना तर विकल्पाचं वावडंच होतं. त्यांचं ठरलेलं उदाहरण भाताचं आणि जवाचं आहे. दर्शपूर्णमास यज्ञातला पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाकरी, तांदळाचा करावा असं एक वचन, जवाचा करावा असं दुसरं. दोन्ही वेदवचनं, तेव्हा दोन्ही सारखीच खरी. दोन्ही धान्यं एकदम घेता येत नाहीत. मग करायचं काय? घ्या हवं ते, असं आपण चटकन म्हणू. मीमांसक म्हणतात, थांबा, यात आठ दोष आहेत. तुम्ही तांदूळ घेतलेत, म्हणजे जवाचं वचन प्रमाण होतं ते सोडलंत, आणि जे अप्रमाण नव्हतं ते अप्रमाण मानलंत. पुढच्या खेपेला जव घेतलेत, तर टाकलेलं प्रामाण्य पुन्हा उचललंत आणि मानलेलं अप्रामाण्य टाकून दिलंत. हे जवाच्या वचनाबाबत चार, तेवढेच तांदळाच्या वचनाबाबत. म्हणून दुसरी कुठलीच सोय उरत नाही तेव्हाच विकल्प स्वीकारायचा, तोही नाइलाजानं.

कॉलेजात हे शिकताना मला हसू आलं होतं. मूठभर धान्यासाठी आठ दोष मोजणारी माणसं! आता साठी उलटल्यावर वाटतं, निवड करणाऱ्याचं नेमकं काय बिघडतं ते यांनीच पाहिलं होतं. दोन चांगल्या गोष्टींतली एक घेताना दुसरीचा चांगुलपणा आपण खोटा ठरवतो, त्याशिवाय झोप लागत नाही. पुतण्यानं डिझेल मनात धरली त्या दिवसापासून पेट्रोलच्या गाड्या त्याला ‘खेळणी’ दिसायला लागल्या. मी उलट बाजूला झुकले की त्या बिचाऱ्या 2018 च्या गाडीच्या पत्र्यावर मला नसलेला गंज दिसे.

गुरवाचं म्हणणं आणि मीमांसकांचं म्हणणं एकच आहे, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. दोघांनाही ‘किंवा’ नको. गीतेचा आधार घ्यावा, तर तिथे फळावर हक्क सांगू नकोस म्हणतात. आंब्याच्या धंद्यातल्या बाईनं हे कानांत साठवावं तरी कसं? शिवाय फळाचा लोभ नको याचा अर्थ फळाचा हिशेब नको असा करणारे बरेच भेटतात. त्यांच्या बागा बहुतेक दुसऱ्यांनी राखलेल्या असतात.

आता मला काय टोचत होतं ते सांगते. आमच्या खळ्यात पेट्या भरायला सहा-सात बायका येतात. गवत पसरायचं, आंबा पुसून त्यावर मांडायचा, कागद घालायचा, फळी ठोकायची. भाड्याची पिकअप मागे घेऊन लावतात, फाळका खाली सोडतात आणि भरून होईपर्यंत इंजिन चालूच. बंद केलं तर पुन्हा सेल घेणार नाही, अशी ड्रायव्हरला धास्ती. धुराचं नळकांडं बायकांच्या तोंडाच्या उंचीवर येतं, कारण त्या जमिनीवर बसलेल्या. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. ह्यांनी त्या बातमीचं कात्रण कालनिर्णयाच्या मागे टाचणीनं टोचून ठेवलं होतं. पेट्रोलचा धूर म्हणजे गंगाजल नव्हे, तोही त्या यादीत आहे, पण खालच्या गटात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी सहसा असते. आमच्या 2018 वालीला नव्हती. ऐंशी पेट्यांच्या हिशेबात पुतण्यानं या बायका धरल्या नव्हत्या. मीही वहीत त्यांची फक्त मजुरी लिहिली होती.

पण हे देवाला विचारायचं कसं? ‘घेवची काय नको’ या तीन शब्दांत धूर बसत नाही. प्रश्न देवापुढे ठेवण्याइतका लहान करताना जे बाहेर सांडतं, त्याचं काय करायचं, हा माझा खरा प्रश्न होता. त्याला कौल लावायची सोय नाही.

शेवटी पुतण्याचं मन मोडवेना. सोमवारी गेलो. गुरवानं या वेळी नारळ घेतला, पण गाऱ्हाणं घालण्याआधी माझी उलटतपासणी केली. कर्ज काढणार का? चालवणार कोण? रात्रीचा घाट चढणार का? जुना मालक का विकतो? बँकेत इतकं विचारलं नव्हतं. मग सोवळ्यात आत जाऊन त्यानं ओल्या कळ्या पाषाणाला चिकटवल्या, उजवीकडे हो, डावीकडे नको. आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्या घराचं नाव घेतलं, गाडीचं वर्ष सांगितलं, आणि मग नेहमीच्या ओघात त्या गाडीत बसणारी, तिच्यात भरणारी, तिच्या वाटेत येणारी माणसं, पोरंबाळं, गुरंढोरं, सगळ्यांचं रक्षण कर म्हणाला. मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. माझाही आवाज त्यात होता. भरणारी माणसं, असं तो म्हणाला होता. मी सांगितलं नव्हतं. गाऱ्हाण्यात ती कुठल्याही गाडीसाठी असतातच.

उजवी कळी पडली. लगेच, टपकन. पुतण्यानं खाली वाकून नमस्कार केला तो दोन मिनिटं उठलाच नाही.

आणि मी ती गाडी घेतली नाही.

आमच्याकडे देवाचा शब्द मोडणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. कौलाला आयुष्यभर हसलेले आमचे हे असते तर त्यांनीही मला विचार कर म्हटलं असतं, कारण देवाला नाही तरी गावाला ते भीत. आठ दिवस पुतण्या माझ्याशी जेवणापुरतं बोलला. मग मी एकटीच देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं, माझ्याकडून चूक झाली असेल तर काय ते सांग.

तो समया पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “बाई, देवान ‘घेवची’ म्हटल्यान. घेवकच व्हयी असा खय म्हटल्यान?”

मी पायरीवर बसलेच. पस्तीस वर्षं फळ्यावर विध्यर्थ शिकवला. ‘घ्यावी’ म्हणजे कर्तव्य, ‘घ्यावी’ म्हणजे इच्छा, ‘घ्यावी’ म्हणजे शक्यता, ‘घ्यावी’ म्हणजे योग्यता. मुलांकडून घोकून घेतला, पेपरात पाच-पाच मार्कांना घातला. आणि एका कळीच्या पडण्यात यातला कुठला अर्थ होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. आज्ञा आणि मुभा यांतलं अंतर याला ठाऊक होतं, ज्याला मी दोनदा नापास केलं. देवानं दार उघडलं होतं. आत जायचं की नाही, तो ‘की’ त्यानं माझ्याकडेच ठेवला होता. मग इतक्या खटाटोपानं मिळालं काय? उलटतपासणी मिळाली, आणि “व्हय म्हाराजा” म्हणताना स्वतःचाच आवाज ऐकू आला. हे देवाचं काम की गुरवाचं, यावर मला अजून उजवा-डावा देता येत नाही.

गुढीपाडव्याला पेट्रोलची गाडी आली. पांढरी, हार घातलेली, दोन सिलिंडरची. मोहल्ल्यातून, बाजारातून, देवळासमोरून पुतण्यानं ती गुमान चालवली, एकदाही हॉर्न दिला नाही. मीमांसकांचे दोष मी एकेक करून फेडते आहे. त्यातला एक असा की ती दुसरी गाडी चांगली होती हे रोज मान्य करायचं, घाटात ती मालवणच्या एका मासेवाल्याकडे धावताना दिसते तेव्हासुद्धा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी अठ्ठ्याहत्तर पेट्या झाल्या. चाळीस गेल्या. अडतीस खळ्यात राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचा भाव उतरला. संध्याकाळी मी त्या पेट्यांजवळ बसले होते. हवा स्वच्छ होती, गवताचा आणि आंब्याचा वास येत होता. बायका हातपाय धुऊन मजुरीसाठी थांबल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी माझ्याजवळ येऊन बसली आणि पेट्यांकडे बघत म्हणाली, “मोठी गाडी कित्याक नाय घेतलात, बाई?”

मी तिला धुराचं सांगितलं. कात्रणाचं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं.

“धुराचा काय घेवन बसलात, बाई? चुलीकडे काय कमी असता?”