मनातलं बाहेर

चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता डोक्यात चिप बसवायची, की मनातलं थेट कॉम्प्युटरवर!” मला घामच फुटला. मनातलं थेट बाहेर पडलं असतं, तर बँकेच्या काउंटरवर माझी वीस वर्षं निघाली असती का?

सुदैवानं मेंदू इतका भोळा नाही. कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा-पांढरा वाढून ठेवून घेतात. मेंदूचा स्वभाव मात्र पुणेरी. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यूरालिंकनं मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोडांचे ६४ तंतू रोवले; काही आठवड्यांत त्यांतले बरेच मागे सरकले. उरलेल्यांवर गडी नुसत्या मनानं बुद्धिबळ खेळला, हे खरं. पण रुतलेल्या तारेभोवती मेंदू व्रणाची भिंत घालतो, ती निराळीच. शिवाय त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की माणसाच्या विचाराचा वेगच सेकंदाला सुमारे १० बिट. म्हणजे दहा हो-नाही. पंप कितीही मोठा बसवा, विहिरीलाच पाणी बेताचं!

मी हसलो, आणि महाद्वार रोडवरचे मामा आठवले. अर्धांगानं जीभ गेलेली. आठ दिवस भिंतीकडे बोट दाखवत होते. मी त्यांना पासबुकं दाखवली, ठेवींच्या पावत्या दाखवल्या. कारकुनाला दुसरं काय सुचणार? नवव्या दिवशी मामींनी सहज खिडकी उघडली. अंबाबाईच्या देवळातली घंटा ऐकू आली आणि मामांचे डोळे भरले.

त्यांना दहा नकोत, एक ‘हो’ पुरला असता. तशांना ती तार जरूर मिळावी.

मला नको. मनातून ओठांवर यायला जो उशीर लागतो, त्यातच माझा सगळा सभ्यपणा राहतो.