पडलेलं पीस



आज वाचनात मुंडक उपनिषद होतं, दुसऱ्या मुंडकातला धनुष्यबाणाचा मंत्र. ॐकार हे धनुष्य, आत्मा हा बाण, ब्रह्म हे लक्ष्य. मी हा मंत्र वर्षानुवर्षं एकाग्रतेचा म्हणून वाचत आलो. नेम पक्का ठेवा, बाकी आपोआप होईल. पण गेले काही महिने लेकीबरोबर दर रविवारी धनुर्विद्या शिकतोय, आणि तिथे कळलं की बाण बनवताना जास्त वेळ टोकाला लागत नाही, शेपटाला लागतो. पिसं निवडायला.

एका बाणाला साधारण तीन पिसं. तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली हवीत, सगळी डावी नाहीतर सगळी उजवी. प्रत्येक पिसाला अंगचा बाक असतो, त्यामुळे बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. डावं-उजवं मिसळलं की डगमगतो. (मी मिसळलं होतं. मग अर्धा तास गवतात बाण शोधला.) प्लास्टिकचे पंखही मिळतात, पण आमच्या साध्या लाकडी धनुष्याला बाण घासून जातो, तिथे प्लास्टिक अडखळतं, पीस मात्र दबून पुढे सरकतं. म्हणून आम्ही टर्कीची विकतची पिसं वापरतो. ती टर्की माणसांच्या जेवणासाठी मारलेली असते, हेही मला टोचतं. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

तर त्या रविवारी मुळशी धरणाच्या काठावर लेकीला एक लांब, राखाडी पीस सापडलं. बहुधा बगळ्याचं. "बाबा, हे बेस्ट! कुणाला मारलं नाही, विकत नाही, नुसतं पडलं होतं!" मीही हरखलो. महाभारतात बाणांना 'कंकपत्र' म्हटलंय, कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. म्हटलं, साक्षात महाभारतातला बाण होणार!

सरांनी पीस हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "जिथे होतं तिथे ठेवून ये."

कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. रानातल्या पक्ष्याचं पीस सापडलं म्हणून आपलं होत नाही. मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांना सवलत आहे, म्हणून देवघरात मोरपीस चालतं. पण बाणाला लागतात पंखातली पिसं. मला हे सगळं सरकारी खूळ वाटलं. पडलेल्या पिसाने कुणाचं काय बिघडतं? सर म्हणाले, "एक पडलेलं आणि एक उपटलेलं, धुऊन तुझ्यासमोर ठेवतो. सांग कुठलं कुठलं."

मी गप्प.

अमेरिकेतही १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांसाठी असाच कायदा आहे. त्याआधी बायकांच्या टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी बगळ्यांची तिथे कत्तल चालायची. 'सापडलेलं' चालतं असं एकदा ठरलं की बाजारातलं प्रत्येक पीस सापडलेलंच असतं. पीस स्वतःची साक्ष देत नाही. साक्ष देतो तो ज्याच्या हातात ते आहे, आणि त्याला तर ते हवंच असतं.

कंकासारखीच गिधाडाची पिसंही तेव्हा बाणाला लावत. गिधाड म्हणजे गृध्र. हा शब्द 'गृध्' धातूपासून आला, अर्थ हाव धरणं. आणि ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात नको म्हटलंय ते नेमकं हेच, दुसऱ्याच्या धनाची हाव. तिथे 'चोरू नका' असं म्हटलेलं नाही, हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. चोरी नंतर होते. हाव आधी असते आणि तीच 'पडलं होतं ना' असं म्हणते.

आता जे सांगायला आज बसलोय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने एक स्क्रिप्ट लिहिली होती. सहा तासांचं काम वीस मिनिटांत व्हायचं. ती सगळ्यांच्या रेपोमध्ये होती, कुणीही घ्यावी. मी घेतली, जरा नीटनेटकी केली आणि क्लायंटच्या डेमोत दाखवली. कुणी विचारलं नाही कुणाची, मी सांगितलं नाही. त्या वर्षी माझं प्रमोशन झालं. मनात वाक्य तयार होतं: कंपनीचाच कोड होता, रेपोत पडला होता. तो मुलगा पुढे दुसरीकडे गेला. जाताना मला थँक्यू म्हणून गेला, ते अजून आठवतं.

योगसूत्रांतल्या अस्तेयावर मी इथेच तीनदा लिहिलंय. त्या तिन्ही पोस्ट त्या डेमोनंतरच्या आहेत, काल तारखा तपासल्या.

लेक पीस ठेवून आली तेव्हा रडवेली झाली होती. घरी येताना पौडपर्यंत बोलली नाही. मग विचारलं, "बाबा, मला खरंच सापडलं होतं. तुला तरी खरं वाटतं ना?" म्हटलं, "हो गं, वाटतं." आणि त्या मुलाचा नंबर माझ्याकडे अजून आहे, हे तेव्हाच आठवलं.

काल रात्री त्याला मेसेज टाकला. स्क्रिप्टचं नाव, डेमोची तारीख, मी काय बोललो नाही ते, सगळं. जुन्या मॅनेजरलाही वेगळी मेल केली, नाहीतर ती माफी फक्त आमच्या दोघांतच राहिली असती. मेसेजवर दोन निळ्या टिक आल्या आहेत. उत्तर अजून नाही.