दोन प्रश्न

एका तालुक्याच्या गावात दोघे चुलतभाऊ कॉम्प्युटरची कामं घेत असत. थोरला सावकाश काम करणारा, धाकटा झपाट्याचा. गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयानं त्यांना सर्व्हरवर कोहा बसवून द्यायचं काम दिलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली ही प्रणाली २००० सालच्या जानेवारीत सुरू झाली. ती विनामूल्य असल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांतही पोचली आहे. कोहाला दोन बाजू असतात. वाचक आपलं पुस्तक शोधतो ती एक. आणि कर्मचारी पुस्तकं देतात-घेतात, नव्या नोंदी करतात ती दुसरी. अपाची हा एकच वेब सर्व्हर दोन्ही बाजू दाखवतो. वाचकांची बाजू ८० नंबरच्या पोर्टवर, कर्मचाऱ्यांची सहसा ८०८० वर.

थोरला बाहेरगावी होता, म्हणून धाकटा एकटाच गेला. सगळं बसवून झालं आणि अपाची रीस्टार्ट केला, तर तो उठेचना. लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलं होतं : ८०८० हा पत्ता आधीच वापरात आहे.

त्या पोर्टवर टॉमकॅट नावाचा प्रोग्रॅम चालू होता. "जुनं काहीतरी राहिलेलं दिसतंय," असं म्हणत धाकट्यानं तो बंद केला. मशीन पुन्हा चालू झालं तरी तो आपोआप उठू नये, अशीही तजवीज करून टाकली. अपाची लगेच सुरू झाला. ग्रंथपाल मॅडमनी दोन पुस्तकं देऊन-घेऊन पाहिली आणि समाधानानं मान हलवली. दुपारच्या एसटीनं धाकटा घरी परतला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडताच काउंटरशी मुलांची गर्दी झाली. परीक्षा तोंडावर आलेली. "मॅडम, जुन्या प्रश्नपत्रिका उघडतच नाहीत. त्या जागी कसलंतरी लॉगिन मागतंय."

टॉमकॅट बंद झाला आणि त्याच्या आधारानं चालणारं डीस्पेसही बंद पडलं. कागदपत्रं, प्रबंध जपून ठेवण्यासाठी एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली आणलेली ही प्रणाली. मॅडमनी वर्षानुवर्षं एकेक प्रश्नपत्रिका स्कॅन करून तिच्यात चढवली होती. मुलांच्या मोबाइलमध्ये साठवलेला पत्ता ८०८० चाच होता, आणि आता त्या पत्त्यावर कोहा बसलं होतं.

निरोप मिळताच थोरला आला. त्यानं आधी टॉमकॅट पुन्हा चालू करायची तयारी केली आणि मग धाकट्याला जवळ बसवलं.

"टॉमकॅट बंद करण्याआधी तू काय पाहिलंस?"

"८०८० अडलाय, एवढंच."

"कोणी अडवलाय तेही पाहिलंस. पण तो कोणासाठी तिथे बसलाय, हे विचारलं नाहीस. मॅडम समोरच होत्या. त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं."

धाकटा म्हणाला, "मग आता डीस्पेस हलवू या का, दादा? कोहा तर चालू झालंय."

"डीस्पेसचा पत्ता शेकडो मुलांकडे आहे. कोहाच्या या बाजूला रोज येणारी माणसं किती? मॅडम, त्यांचे दोन सहायक आणि काउंटरवरचे मामा. ज्याच्या हलण्यानं कमी माणसांना त्रास होईल, त्यानं हलावं. शिवाय कोहा कालच आलंय."

"मग त्याला ८० च देऊन टाकू."

"८० वाचकांसाठी राहू दे. पत्त्यात नंबर लिहिला नाही, तर ब्राउझर साध्या पत्त्यासाठी ८० धरतो आणि सुरक्षित पत्त्यासाठी ४४३. वाचकाला नंबर पाठ करायला लावू नये. रोज तिथेच बसणाऱ्या माणसाला तो लक्षात ठेवणं जड नाही."

थोरल्यानं एसएस कमांड देऊन कोणकोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय याची यादी काढली. ८०८१ मोकळा होता. धाकट्यानं अपाचीची पोर्ट्स डॉट कॉन्फ ही फाइल उघडली, 'लिसन ८०८०' या ओळीत शेवटच्या शून्याच्या जागी एक केला आणि अपाची रीस्टार्ट केला. अपाची उठला, टॉमकॅटही उठला. पण ८०८१ वर कोहाचं पान काही येईना.

"अपाची आता ८०८१ वर ऐकतोय," थोरला म्हणाला, "पण तिथे आलेल्याला काय दाखवायचं, ते त्याला कुठे सांगितलंय?" मग धाकट्यानं कोहाच्या साइटची फाइल उघडली. तिथे व्हर्च्युअलहोस्टपुढे अजून ८०८० च होता. तो बदलला. पुढे कधी याच सर्व्हरवर कोहाची दुसरी साइट बसवली तर जुना नंबर परत येऊ नये, म्हणून कोहा-साइट्स डॉट कॉन्फमधल्या इंट्रापोर्टपुढेही ८०८१ लिहिला. या वेळी रीस्टार्टआधी कॉन्फिगटेस्ट चालवून 'सिंटॅक्स ओके' असं उत्तर घेतलं.

सर्व्हरच्या पडद्यावर कोहा उघडलं. धाकटा बॅग भरू लागला.

"थांब. मॅडमच्या टेबलावरून बघ."

तिथून उघडेना. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ८०८१ ला परवानगीच नव्हती. धाकटा तो सगळ्यांसाठी खुला करायला निघाला, तेव्हा थोरल्यानं त्याला अडवलं. "ही कर्मचाऱ्यांची बाजू आहे. ग्रंथालयातल्या मशीनपुरतीच परवानगी दे. नंबर वेगळा आहे म्हणून कोणी शोधणार नाही, असं धरून चालू नये. कोणते पोर्ट उघडे आहेत, हे तपासायला क्षणभरही लागत नाही."

परवानगी दिली आणि मॅडमच्या टेबलावर पान आलं. त्यानंतर थोरला जागेवरून उठला. त्यानं कोहाच्या सेटिंगमधला कर्मचारी बाजूचा पत्ता नव्या नंबरासह लिहिला. प्रत्येक मशीनवरचा जुना बुकमार्क काढून नवा ठेवला. काउंटरच्या मॉनिटरखाली मामांनी चिकटवलेल्या चिठ्ठीवर कालचा पत्ता होता. ती बदलून मामांकडून एक पुस्तक देववून घेतलं. सगळे बदल तारखेसह मॅडमच्या वहीत लिहिले. शेवटी वाचनकक्षात बसलेल्या एका मुलीला म्हणाला, "ताई, तुझ्या मोबाइलवर प्रश्नपत्रिका उघडून दाखव बरं." तिनं जुन्याच पत्त्यावर गेल्या वर्षीचा अर्थशास्त्राचा पेपर उघडून दाखवला.

"आता काम झालं," थोरला म्हणाला.

परतताना एसटीत धाकट्यानं विचारलं, "एक आकडा बदलायचा होता, दादा. त्याला सबंध दिवस?"

"आकडा बदलायला क्षणही लागत नाही. पण त्या आकड्याच्या अलीकडे कोणीतरी काम करत असतं आणि पलीकडून कोणीतरी यायचं असतं. पहिल्याला विचारायचं आणि दुसऱ्याला कळवायचं, त्यालाच वेळ लागतो. आपल्याला मजुरी मिळते ती त्याची."

पुढे धाकटा स्वतंत्रपणे कामं घेऊ लागला. कोणत्याही सर्व्हरला हात लावण्याआधी तो दोन प्रश्न विचारून उत्तरं कागदावर घेई : इथे आधीपासून कोण आहे? आणि मी बदल केल्यावर कोणाकोणाला सांगावं लागेल?

तात्पर्य : जागा घेण्याआधी तिथे असलेल्याची चौकशी करावी, आणि जागा बदलली तर आपल्याकडे येणाऱ्या शेवटच्या माणसाला नवी वाट सापडेपर्यंत काम संपलं असं म्हणू नये.